स्वाक्षरी नसलेलं छोटं जुनं समुद्रचित्र : काळ, कर्तृत्व आणि किंमत कशी ठरवायची?

निळीशाई

एका समुद्रचित्राचं मूल्यांकन करायचं आहे. हाती असलेली माहिती देतेय. पुढे काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने, ते जाणकारांनी सांगावं.

कॅनव्हासवर तैलरंग. चौकटीतून दिसणारा भाग साधारण ३१ × २० सेंमी. खवळलेला समुद्र, उजवीकडे तीन डोलकाठ्यांचं जहाज, डावीकडे पुढे मासेमारीची होडी, क्षितिजावर जमिनीची पुसट रेघ. जहाजाच्या मागच्या टोकाला लाल निशाण, त्याच्या कोपऱ्यात ब्रिटिश युनियन जॅक. वॉर्निश पिवळट-तपकिरी झालंय. आकाशात दोन-तीन ठिकाणी रंग सपाट वाटतो. स्वाक्षरी नाही, तारीख नाही. मागच्या लाकडी पट्टीवर काळ्या शाईत ‘४’ हा आकडा छापलाय, बहुधा लिलावातला लॉट नंबर. चौकट सोनेरी, एका कोपऱ्यातली नक्षी तुटून आतला पांढरा भाग दिसतोय.

विम्यासाठी एक आकडा आणि विकायचं झाल्यास एक, असे दोन्ही हवेत.

भिंग

सगळ्यात आधी हे हाताने रंगवलेलंच आहे ना, याची खात्री करा. ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप, कॅनव्हासचा किंवा ब्रशचा उठाव ठोकून, वर वॉर्निश मारून विकले जात, आणि शंभर वर्षांच्या धुळीखाली ते चांगलेच फसवतात. दहापट भिंगाखाली आकाशाचा फिकट भाग आणि शिडाची सावली बघा. एकसारखे ठिपके दिसले तर छपाई. ठिपके नसतील तर उठाव तपासा: बाजूने १०-१५ अंशांत उजेड टाकला की ब्रशचा उंचवटा आणि रंगाची कड एकाच जागी यायला हवी. रंग एका रेषेवर बदलतो आणि उठाव भलतीकडेच धावतो, असं असेल तर तो दाबून आणलेला उठाव.

फेसाच्या पांढऱ्या टोकांवर ही परीक्षा लवकर होते, कारण तिथेच रंग जाड असतो.

खिळेमोळे

चौकटीतून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मूल्यांकनाचा निम्मा मजकूर मागे आणि कडांवर असतो. शिवाय चौकटीची खाच चित्राच्या कडेचे पाच-आठ मिमी झाकते. एवढ्या लहान चित्रात स्वाक्षरी तळाच्या कडेला चिकटून असेल तर ती याच पट्टीत गडप होते.

काढताना: टेबलावर फोम, त्यावर स्वच्छ मऊ कागद, चित्र पालथं. रंगाच्या पापड्या सुटत असतील तर पालथं घालूच नका, काम तिथेच थांबवा. खिळे पकडीने सरळ ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला की टोक कॅनव्हासमधून पलीकडे निघतं. जुनं वॉर्निश खाचेला चिकटलं असेल तर जोर लावू नका, कडेचा रंग सोलून चौकटीबरोबर जातो. हे रेस्टोररकडून, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्याकडून, करून घ्या.

मग एवढं बघून लिहा:

– पूर्ण माप मिमीमध्ये, चारही बाजूंचं.
– कोपऱ्यांत लाकडी पाचरी आहेत की कोपरे पक्के जोडलेले आहेत.
– कॅनव्हास छोट्या टॅक खिळ्यांनी ठोकलाय की स्टेपलने.
– दुमडलेल्या कडेवर प्रायमिंगचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, पांढरा थर कापलेल्या टोकापर्यंत जातो की आधीच संपतो.
– कडेवर रिकामी भोकं आहेत का, आणि त्यांच्याखाली लाकडातही भोकं आहेत का.

शेवटचा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. कॅनव्हासला जास्तीची भोकं आणि लाकडाला नाहीत, म्हणजे चित्र आधी दुसऱ्या स्ट्रेचरवर (कॅनव्हास ताणायच्या लाकडी सांगाड्यावर) होतं. मग सध्याच्या लाकडावरचा शिक्का किंवा लेबल चित्राबद्दल काहीही सिद्ध करत नाही.

उनाड

अल्कोहोलचा बोळा फिरवून बघा की. रंग निघाला तर नवीन, नाही निघाला तर जुना. आणि कच्च्या बटाट्याने पुसलं तर स्वाक्षरीही दिसेल.

रेझिन

@उनाड, कृपा करून हा सल्ला इथे ठेवू नका, कोणीतरी करून बसेल. रेझिन मिसळलेला शंभर वर्षांचा रंगसुद्धा अल्कोहोलला विरघळतो, आणि पन्नास-साठ वर्षांचा चांगला वाळलेला तैलरंग दाद देत नाही. म्हणजे चाचणी दोन्ही बाजूंनी चुकते आणि नुकसान तेवढं हमखास होतं. समुद्रचित्रांत डोलकाठीचे दोर, लाटेवरची पारदर्शक झिलई, हे सगळं शेवटच्या पातळ थरात असतं. पहिल्या बोळ्यात तेच जातं, आणि किंमतही त्याच्याबरोबर.

बटाटा, कांदा, पाव यांचं पाणी आणि स्टार्च भेगांत शिरतं. कॅनव्हासवर प्रायमिंगखाली सरसाचा थर असतो. तो ओलाव्याने फुगतो, घट्ट विणीचा कॅनव्हास आकसतो आणि रंग छपरासारखा उचलला जातो. मागून जवसाचं तेल चोळायचा जुना रिवाजही तितकाच वाईट. ते तेल काळं पडतं आणि पुन्हा निघत नाही.

मूल्यांकन होईपर्यंत साफसफाई नाही. खरेदीदारालाही सहसा हात न लावलेलं चित्रच आवडतं.

परबाण

मी फक्त जहाजाबद्दल बोलतो. समुद्रचित्रात तारखेचा सगळ्यात स्वस्त पुरावा तिथेच असतो.

डोलकाठीवरच्या परबाणांना, म्हणजे शिडं बांधायच्या आडव्या काठ्यांना, किती शिडं आहेत ती खालून वर मोजा. सर्वांत खालच्या मोठ्या शिडाच्या लगेच वरचं शीड म्हणजे टॉपसेल. ते एकच उंच आहे, की ते आडवं विभागून दोन बुटकी शिडं केली आहेत? टॉपसेल विभागायची अमेरिकन कप्तान हाउझ यांची पद्धत १८५४ च्या पेटंटची. १८६० च्या दशकात ती व्यापारी जहाजांवर रुळली, कारण दोन लहान शिडं थोड्या माणसांत आवरता येतात. दुहेरी टॉपसेल असतील तर चित्र १८५४ च्या आधीचं असण्याची शक्यता फारच कमी. एकेरी असतील तर मात्र काहीच ठरत नाही. जुनी जहाजं नंतरही रंगवली जातात.

निशाण: युनियनमध्ये सेंट पॅट्रिकचा तिरपा लाल क्रॉस असेल तर १८०१ नंतरचं. लाल एन्साइन (जहाजाच्या मागच्या टोकाचं असं लाल निशाण) १८६४ पर्यंत ब्रिटिश नौदलाच्या एका विभागाचंही होतं, त्यानंतर ते व्यापारी जहाजांकडे राहिलं. त्यामुळे तोफांची दारं दिसत नाहीत ना, तेही बघा. व्यापारी जहाजं नुसती रंगाने खोटी दारं काढून घेत, तेव्हा एवढ्यावरून युद्धनौका म्हणू नका.

आता वारा. शिडं, निशाण, लाटांचे माथे आणि असला तर धूर, सगळ्यांनी एकच दिशा सांगायला हवी. वारा मागून घेऊन चाललेल्या जहाजाचं निशाण पुढच्या बाजूला फडफडतं. घाईत काढलेल्या बाजारू चित्रांत ते हटकून मागे उडताना दिसतं. समुद्र जाणणारा चित्रकार इथे चुकत नाही. कर्तृत्वाचा अंदाज बांधताना मला ही खूण फेसाच्या रंगकामापेक्षा भरवशाची वाटते.

आणि स्वाक्षरी फक्त कोपऱ्यात शोधू नका. सतराव्या शतकातल्या डच समुद्रचित्रकारांपासून तरंगत्या फळीवर, पिंपावर, होडीच्या कडेवर, निशाणाच्या घडीत आद्याक्षरं टाकायची चाल आहे. पुढच्या होडीचा शिडाचा तुकडा आणि फळ्या भिंगाखाली घाला.

निळीशाई

चौकटीतून काढलं, सहज निघालं. पूर्ण माप ३३० × २१९ मिमी. कोपऱ्यांत पाचरी आहेत, आठातल्या सहा शिल्लक. गंजलेले टॅक खिळे. जास्तीची भोकं नाहीत. पांढरं प्रायमिंग कापलेल्या टोकापर्यंत जातं. मागून दुसरा कॅनव्हास चिकटवलेला नाही. कॅनव्हासवर लंबगोल शिक्क्याची अर्धवट कड, अक्षरं वाचता येत नाहीत. टॉपसेल दुहेरी. निशाण, शिडं, लाटा एकाच दिशेला. खाचेखाली स्वाक्षरी नाही. तिथला आकाशाचा रंग मात्र बाकीपेक्षा बराच निळा आहे.

खिळेमोळे

मग तो ‘४’ लॉट नंबर नाही. ३३ × २२ सेंमी हे फ्रेंच प्रमाणित मापांपैकी ‘४ नंबर निसर्गचित्र’ आहे. त्या पद्धतीत प्रत्येक नंबरला तीन रुंद्या असतात: ४ नंबरात व्यक्तिचित्र ३३ × २४, निसर्गचित्र ३३ × २२, समुद्रचित्र ३३ × १९. नंबर स्ट्रेचरवर किंवा कॅनव्हासच्या पाठीवर छापलेला असायचा. समुद्र असूनही निसर्गचित्राचं माप, याचा काही अर्थ काढू नका. चित्रकार हाताशी असेल तो कॅनव्हास वापरतो.

प्रायमिंग कडेच्या टोकापर्यंत, म्हणजे कारखान्यात मोठ्या ठाणावर आधी प्रायमिंग करून नंतर कापलेला तयार कॅनव्हास. चित्रकाराने स्वतः ताणून प्रायमिंग केलं असतं तर ते दुमडीच्या आसपास संपलं असतं. पुढे रिकामी कड राहिली असती आणि कडेचे धागे खिळ्यांमधल्या ओढीने कमानीसारखे वाकलेले दिसले असते.

हा कॅनव्हास आणि हे लाकूड पहिल्यापासून एकत्र आहेत आणि चित्र कापलेलं नाही, एवढं आता ठामपणे लिहिता येईल. भेगाही जुळवून बघा: स्ट्रेचरच्या आतल्या कडेला समांतर भेगांची एक ओळ आणि कोपऱ्यांतून तिरप्या भेगा हव्यात.

शिक्क्याचा फोटो तिरप्या उजेडात आणि अवरक्त कॅमेऱ्याने काढा. कार्बनची शाई अवरक्तात काळीच राहते, कॅनव्हासचा तपकिरीपणा फिका होतो. रंगसाहित्य विक्रेत्याचं नाव आणि पत्ता वाचता आला तर दुकान त्या पत्त्यावर कधी होतं, यावरून काळ बराच आवळता येतो.

उनाड

फ्रेंच माप आणि ब्रिटिश जहाज? कुठेतरी पाणी मुरतंय.

परबाण

नाही मुरत. ही मापं फ्रान्सबाहेरही युरोपभर चालायची, आणि बंदरातले चित्रकार येणाऱ्या कुठल्याही देशाचं जहाज रंगवत. अँटवर्पमध्ये ब्रिटिश जहाजांची भरपूर चित्रं झाली आहेत. उलट नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) किंवा मागे जहाजाचं नाव वाचता आलं तर लॉइड्स रजिस्टरच्या जहाजांच्या वार्षिक याद्या बघा. १७६४ पासूनच्या आहेत. जहाज कधी बांधलं, मालक कोण, सगळं मिळतं. पण होडी पुढे आणि जहाज मागे अशा रचनेत ते बहुधा मालकाच्या मागणीवरून काढलेलं जहाजाचं चित्र नसतं, नाव सापडायची आशा कमी.

रेझिन

आता अतिनील दिवा. ३६५ नॅनोमीटरचा घ्या, तोही दृश्य प्रकाश अडवणाऱ्या काळ्या फिल्टरचा. ३९५ चे स्वस्त टॉर्च इतका जांभळा उजेड सांडतात की मंद चमक त्यात बुडते. खोली पूर्ण अंधारी, डोळ्यांना अतिनील अडवणारा चष्मा, पाच मिनिटं डोळे सरावू द्या.

डमार किंवा मॅस्टिक या झाडांच्या राळेचं जुनं वॉर्निश हिरवट-पिवळं, धुकट चमकतं. त्यावर केलेली डागडुजी काळ्या-जांभळ्या डागांसारखी दिसते. तुमचे आकाशातले सपाट भाग बहुतेक तसेच दिसतील. डाग वॉर्निशच्या खाली असतील तर ते हिरव्या धुक्याआड अंधुक दिसतात, म्हणजे डागडुजी शेवटच्या वॉर्निशआधीची. चमक सगळीकडे अगदी एकसारखी आणि दाट असेल तर सावध व्हा, डागडुजी झाकायला मुद्दाम तसं वॉर्निश मारतात. शेलॅक, म्हणजे लाखेचं वॉर्निश, नारिंगी चमकतं.

खाचेखालचं निळं आकाश हीच तुमच्या वॉर्निशखालची मूळ छटा. त्या पट्टीचा रंगपट्टीसह फोटो काढून ठेवा. स्वच्छ केल्यावर चित्र कसं दिसेल याचा तो पुरावा आहे, आणि किमतीत धरता येतो.

भिंग

रंगद्रव्यांचा मुद्दा राहिला. हातात धरायच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी तपासणाऱ्या) यंत्राने, चित्राला स्पर्श न करता, मूलद्रव्यं कळतात. समुद्रचित्रात निळे, हिरवे आणि पांढरे भरपूर, त्यामुळे उपयोग चांगला होतो. ढोबळ तारखा:

प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून. कोबाल्ट निळा १८०२ पासून. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकाअखेर. व्हिरिडियन हिरवा गिग्ने यांच्या १८५९ च्या पेटंटनंतर पसरला. सेरुलियन निळा १८६० च्या दशकात. टायटॅनियम पांढरा १९२० च्या आसपास बाजारात. थॅलो निळा १९३५ पासून.

यातून फक्त ‘याआधीचं नाही’ एवढंच निघतं. मूळ थरातलं सर्वांत उशिराचं द्रव्य खालची मर्यादा ठरवतं. प्रशियन निळा सापडला म्हणून चित्र अठराव्या शतकाचं होत नाही, तो आजही मिळतो. मूल्यांकनाच्या अहवालांत ही गल्लत सर्रास दिसते आणि दरवेळी ती विकणाऱ्याच्या सोयीची असते!

आणखी सापळे. जस्त दिसलं की लगेच जस्तपांढरा म्हणू नका. लिथोपोन या दुसऱ्या पांढऱ्या रंगद्रव्यातही जस्त असतं, आणि ते प्रायमिंगमध्येही असू शकतं; किरण सगळे थर एकदम वाचतात. म्हणून प्रत्येक रंगाबरोबर कडेवरच्या उघड्या प्रायमिंगचंही वाचन घ्या आणि ते वजा करून विचार करा. थोडं टायटॅनियम मातीच्या रंगांतही असतं, मोठं शिखर दिसलं तरच पांढरा धरा. क्रोमियम शिशाबरोबर आलं तर क्रोम पिवळाही असू शकतो. थॅलोमधलं तांबं इतकं थोडं असतं की एक्सआरएफला निसटतं, त्यासाठी रामन वर्णपटाची चाचणी लागते. कोबाल्टबरोबर आर्सेनिक, निकेल आणि पोटॅशियम आलं तर तो जुना स्माल्ट, म्हणजे निळ्या काचेची पूड.

निळीशाई

निकाल आले. अतिनील प्रकाशात आकाशात तीन काळे डाग, वॉर्निशच्या वर, मिळून चित्राच्या साधारण चार टक्के. बाकी वॉर्निश हिरवट, असमान. एक्सआरएफ: प्रायमिंगमध्ये शिसं, जस्त नाही. फेसात शिसं आणि थोडं जस्त. लाटांच्या हिरव्यात ठळक क्रोमियम. प्रायमिंगचं वजा केल्यावर तिथे शिसं नगण्य. टायटॅनियम फक्त त्या तीन डागांत. होडीच्या फळ्यांवर आद्याक्षरं नाहीत. शिक्का अवरक्तातही वाचता आला नाही. स्ट्रेचरच्या रेषेवर भेगा आहेत.

भिंग

छान जुळतंय. टायटॅनियम डागडुजीत, म्हणजे डागडुजी १९२० नंतरची. मूळ चित्राला त्याचा संबंध नाही. क्रोमियम शिशाशिवाय, म्हणजे व्हिरिडियन किंवा अपारदर्शक क्रोमियम ऑक्साइड. हिरवा पारदर्शक झिलईसारखा दिसत असेल तर व्हिरिडियन, आणि खालची मर्यादा टॉपसेलच्या १८५४ वरून १८६० च्या आसपास सरकते. वरची मर्यादा इतकी कडक नाही: फेसात टायटॅनियम नाही, शिशाचं प्रायमिंग, टॅक खिळे, आणि शिडाच्या व्यापारी जहाजाचा विषय. ‘१९ व्या शतकाचा उत्तरार्ध किंवा २० व्या शतकाची सुरुवात’ असं लिहा. दशक लिहू नका.

हातोडा

आता पैशाकडे येऊ.

आधी शब्द. लिलावाच्या भाषेत कर्तृत्वाची उतरंड पक्की आहे: अमुक यांचं, अमुक यांचं मानलेलं, अमुक यांच्या कार्यशाळेतलं, त्यांच्या वर्तुळातलं, म्हणजे त्याच काळातलं पण हात दुसरा, अनुयायाचं, त्यांच्या शैलीतलं, म्हणजे नंतरच्या काळातलं, आणि त्यांच्या अमुक चित्रावरून केलेली नक्कल. एक पायरी खाली आलं की किंमत मोठ्या टप्प्याने कोसळते. तसंच ‘स्वाक्षरी केलेलं’ आणि ‘स्वाक्षरी असलेलं’ यांत फरक आहे; दुसऱ्यात ती खुद्द चित्रकाराची असल्याची हमी नसते. स्वाक्षरी नसलेल्या चित्रावर नंतर कोणी नाव घातलं तर रंग भेगेत उतरतो किंवा वॉर्निशवर तरंगतो, ते भिंगाखाली दिसतं. रशियन समुद्रचित्रकार आयवाझोव्स्कीसारख्या महागड्या नावांबाबत हा धंदा जुना आहे.

तुमच्या चित्राला आज नाव नाही. तेव्हा शीर्षक: ‘युरोपीय चित्रपरंपरा, १९ वे शतक उत्तरार्ध ते २० वे शतक आरंभ, खवळलेल्या समुद्रात जहाज आणि मासेमारीची होडी’. नाव शोधायचं असेल तर हेगच्या आरकेडी या कलाइतिहास संस्थेचा चित्रांच्या फोटोंचा संग्रह विषयानुसार चाळा; रचना आणि होडीचा प्रकार यांवरून शोधा, रंगावरून नको. साम्य सापडलं तरी ते मत त्या चित्रकाराच्या मान्य तज्ज्ञाकडून लेखी आल्याशिवाय आकड्यात धरू नका.

तुलनेची विक्री निवडताना: तैलरंग, कॅनव्हास, लांब बाजू २५ ते ४५ सेंमी, निनावी, हाच विषय, गेल्या पाच वर्षांतली. आठ-दहा तरी हव्यात. सहीच्या चित्रांची यादी मागून घेऊन ‘यातून थोडे कमी’ करणं ही पद्धत नाही, निनावी चित्रांचा बाजारच वेगळा असतो. प्रत्येक आकडा हातोड्याचा (शेवटच्या बोलीचा) आहे की खरेदीदाराचं कमिशन धरून, ते तपासा आणि सगळे एका पायावर आणा. न विकली गेलेली चित्रंही नोंदवा. वरच्या अंदाजावर तीन परत गेली असतील तर तो अंदाज बाजाराने नाकारलाय. दुकानांत लावलेले भाव धरू नका, ते मागणीचे आकडे आहेत. सरासरी नको, मधला आकडा घ्या. एखादं अपवादात्मक विकलेलं चित्र सरासरी फुगवतं.

तुमचे दोन आकडे वेगळेच येणार. विम्याचा आकडा म्हणजे तसंच चित्र विक्रेत्याकडून लवकर परत घ्यायला लागणारी रक्कम. विक्रीचा म्हणजे लिलावात मिळेल ती, वजा विक्रेत्याचं कमिशन, फोटो, वाहतूक. अहवालात कुठला आकडा कशासाठी आणि कोणत्या तारखेला, हे स्पष्ट हवं. मूल्यांकन करणारा तासावर किंवा ठराविक फी घेणारा निवडा. किमतीच्या टक्क्यावर फी घेणारा, किंवा ‘मीच घेतो’ म्हणणारा, दोन्ही टाळा.

खिळेमोळे

चौकट वेगळी धरा. तुटलेल्या जागी पांढरं म्हणजे जेसो (खडू आणि सरसाचं मिश्रण) किंवा प्लास्टर. तपकिरी-करडं, कडक असतं तर कॉम्पो, म्हणजे साच्यात दाबून नक्षी करायचा लगदा. सोन्याचा वर्ख असेल तर सपाट भागावर साधारण आठ सेंमीच्या अंतराने पानांचे जोड दिसतात. ब्राँझचा रंग असेल तर तपकिरी-हिरवट पडलेला असतो. चांगली वर्खाची चौकट कधी कधी निनावी चित्राइतकीच मोलाची निघते. नवीन चौकटीच्या हौसेपायी ती टाकून देऊ नका.

निळीशाई

वर्खाचे जोड दिसताहेत. हिरवा पारदर्शक आहे. डागडुजी आत्ता काढून घ्यावी की तशीच ठेवावी?

रेझिन

आकडे ठरेपर्यंत तशीच. रेस्टोररकडून लेखी अंदाज मात्र घ्या: वॉर्निश आणि डागडुजी काढणं, भरणं, नवीन वॉर्निश, असे खर्च सुटे लिहून. तो खर्च आणि मधला आकडा शेजारी ठेवा. निनावी लहान चित्रात खर्च किमतीच्या जवळ गेला तर विक्रीसाठी स्वच्छ करण्यात काही अर्थ नाही. करायचंच ठरलं तर आधी एका काळ्या डागाच्या कडेला छोटी खिडकी उघडून खाली मूळ आकाश शिल्लक आहे का ते बघायला सांगा. चार टक्के डागडुजीखाली कधी कधी एक टक्काच झीज असते, बाकी कोणीतरी सढळ हाताने फासलेलं असतं. अहवालातल्या स्थितीच्या रकान्यात अतिनील फोटो जोडून ‘आकाशात तीन जागी, वॉर्निशवर, सुमारे चार टक्के’ एवढं लिहा. ‘स्थिती चांगली’ असं मोघम लिहिलं तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी तेवढंच धरून बसते.

हातोडा

आणि दोन नसलेल्या पाचरी बसवून घ्या, पण रेस्टोररकडूनच. हातोडीने जोरात ठोकल्या तर कोपऱ्यातल्या तिरप्या भेगा त्याच दिवशी उघडतील.